विश्लेषण : दगड-चिखलाच्या माऱ्यात कार्बन फायबरचे कवच किती टिकते?

मोटोक्रॉसच्या दुचाकींवर इंजिनखालची प्लेट, सायलेन्सरच्या पाइपचे आवरण, डिस्कचे झाकण असे संरक्षक भाग कार्बन फायबरचे बसवण्याची पद्धत शर्यतींच्या जगात रुळली आहे. पुण्यासह देशातील अनेक शहरांत सुपरक्रॉस शर्यती होऊ लागल्याने हे महागडे भाग आता इथल्या तरुण स्वारांच्या यादीतही दिसतात. पोलादापेक्षा मजबूत, पिसासारखे हलके अशी कार्बनची ख्याती आहे. मात्र मजबुती आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि खडकाळ ट्रॅकवर खरी परीक्षा दुसरीची होते.

मोटोक्रॉस दुचाकीला कवच कशासाठी?

मोटोक्रॉसचा ट्रॅक मातीचा असतो. उंचवटे, खड्डे, लागोपाठच्या लाटा आणि दहा-पंधरा फुटांच्या उड्या हा या शर्यतीचा स्वभावच आहे. त्यात पुढच्या दुचाकीचे मागचे चाक माती आणि खडी मागे फेकते. हा मारा मागच्या स्वाराच्या छातीवर बसतो, तसाच दुचाकीच्या रेडिएटरवर, फोर्कच्या नळ्यांवर आणि इंजिनच्या पुढच्या बाजूवरही बसतो. उडीनंतर चुकीच्या जागी उतरल्यास इंजिनची खालची बाजू थेट दगडावर आदळते.

इंजिनची कवचे आणि झाकणे ॲल्युमिनियमच्या, काही दुचाकींत मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असतात. ती हलकी असतात, पण नेमक्या जागी टोकदार दगड लागला तर तडकतात. ऑइल गळाले की शर्यत संपते आणि वेळीच लक्षात आले नाही तर इंजिनही संपते. टू-स्ट्रोक दुचाकीत इंजिनपुढून वळसा घेत जाणारा फुगीर पाइप पातळ पत्र्याचा असतो. त्या पाइपच्या आकारावर इंजिनची ताकद अवलंबून असते, त्यामुळे त्याला मोठा पोचा पडला की दुचाकीचा जोर बदलतो. पुढच्या डिस्कला दगड लागून ती वाकली तर प्रश्न थेट ब्रेकचा, म्हणजे जिवाचा होतो. संरक्षक भाग लावले जातात ते यासाठी. सजावट हा नंतरचा भाग.

कार्बन फायबर म्हणजे नेमके काय?

बोलताना ‘कार्बन’ म्हटले जाते तो प्रत्यक्षात दोन पदार्थांचा संसार असतो. पहिला पदार्थ म्हणजे कार्बनचे धागे. पॉलिॲक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्याला आधी २०० ते ३०० अंश सेल्सिअसला हवेत आणि नंतर ऑक्सिजनशिवाय हजार अंशांहून अधिक तापमानाला भाजून ते तयार होतात. एका धाग्याची जाडी ५ ते ७ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या सुमारे दहाव्या भागाइतकी असते. हे धागे विणून कापड होते आणि ते कापड इपॉक्सीसारख्या राळेत भिजवून, साच्यात थरावर थर रचून, दाब आणि उष्णता देऊन भाग बनतो.

ताण सोसण्याचे काम धागे करतात. त्यांना जागेवर धरून ठेवणे आणि एका थरावरचा भार दुसऱ्या थराकडे पोहोचवणे हे राळेचे काम. म्हणूनच कार्बनच्या भागाचे आयुष्य ठरवताना धाग्यांइतकाच राळेचा विचार करावा लागतो. धाग्यांच्या दिशेने खेचले तर हा पदार्थ पोलादाला मागे टाकतो. पण दगड काही धाग्याच्या दिशेने खेचत नाही. तो समोरून आदळतो. त्या दिशेला थरांना एकमेकांशी बांधून ठेवणारी फक्त राळ असते. कार्बनच्या सगळ्या अडचणींचे मूळ इथे आहे.

वजनाचा फायदा खरोखर किती?

साध्या हिशेबाने हे समजून घेता येते. इंजिनखालची प्लेट अंदाजे ८०० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची आहे असे धरू. ती ४ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची केली तर वजन साधारण ८६५ ग्रॅम भरेल. तीच ३ मिलिमीटर जाड कार्बनची केली तर साधारण ३८५ ग्रॅम. म्हणजे बचत जवळपास अर्धा किलोची. आता तीच प्लेट ६ मिलिमीटर जाड एचडीपीई प्लास्टिकची केली तर? ती भरेल ४५५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे धातूच्या तुलनेत कार्बनचा फायदा मोठा असला तरी चांगल्या प्लास्टिकच्या तुलनेत तो जेमतेम ७० ग्रॅमचा उरतो.

४५० सीसीच्या मोटोक्रॉस दुचाकीचे वजन इंधनाशिवाय शंभर किलोंच्या आसपास असते. अमेरिकेतील स्पर्धांच्या नियमांत या गटासाठी किमान वजनच २२० पौंड, म्हणजे सुमारे १०० किलो ठरवून दिले आहे. जगज्जेतेपदासाठी झगडणाऱ्या संघाला अर्धा किलो महत्त्वाचा वाटू शकतो. हौशी स्वाराच्या बाबतीत मात्र टाकीतले अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल कमी केले तरी तेवढाच फरक पडतो.

दगड लागला की आत काय घडते?

प्रत्येक पदार्थाची मार खाण्याची रीत वेगळी असते. ॲल्युमिनियम वाकते. तुटण्याआधी ते साधारण दहा टक्क्यांपर्यंत ताणले जाऊ शकते, त्यामुळे त्याला पोचा पडतो, पण ते सहसा फुटत नाही. गॅरेजमध्ये हातोडीने ठोकून ते पुन्हा बऱ्यापैकी सरळ करता येते. एचडीपीईसारखे प्लास्टिक दबते आणि परत मूळ जागी येते. त्याच्यावर खोल चरे पडतात, पण काम चालू राहते.

कार्बन मात्र वाकण्याच्या बाबतीत फार कंजूष. त्याचे धागे दीड ते दोन टक्के ताणले गेले की तुटतात. त्या मर्यादेच्या आत मार बसला तर भाग जसाच्या तसा राहतो. ना पोचा, ना बाक. मर्यादा ओलांडली की तो अचानक तडकतो. या दोन टोकांच्या मध्ये एक फसवी अवस्था असते. बाहेरून चकचकीत पृष्ठभागावर फारशी खूणही नसते, पण आतले थर एकमेकांपासून सुटलेले असतात. कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे. आघात वरून बसला तरी नुकसान आत शिरताना पसरत जाते, त्यामुळे मोठा तडा अनेकदा मागच्या बाजूला सापडतो. असा भाग पुढच्या तेवढ्याच माराला पूर्वीसारखा तोंड देत नाही.

विमान उद्योगात या ‘जेमतेम दिसणाऱ्या’ नुकसानीसाठी स्वतंत्र तपासणी पद्धती आहेत. बोइंग ७८७ विमानाच्या वजनाचा सुमारे निम्मा वाटा अशा संमिश्र पदार्थांचा आहे. तिथे संशयास्पद जागेची अल्ट्रासाऊंडने तपासणी होते. दुचाकीच्या गॅरेजमध्ये ही सोय नसते.

फॉर्म्युला वनमध्ये चालते, मग इथे शंका का?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. १९८१ मध्ये मॅक्लारेनने एमपी४/१ ही कार्बन फायबरच्या सांगाड्याची फॉर्म्युला वन कार ट्रॅकवर आणली. आदळल्यावर तिचा चुरा होईल, असे अनेकांना वाटत होते. त्याच वर्षी इटलीतील मोंझा येथे जॉन वॉटसन यांची कार भयंकर वेगात धडकली, मागचा भाग तुटून वेगळा झाला आणि वॉटसन सुखरूप बाहेर आले. कार्बनवरच्या शंका त्या अपघाताने बऱ्याच अंशी मिटवल्या.

पण त्या यशाचे गमक नीट पाहिले पाहिजे. कार्बनने स्वतः तुटून धडकेची ऊर्जा शोषली. तो एकदाच झालेला मोठा आघात होता आणि त्यानंतर तो सांगाडा पुन्हा वापरायचा नव्हता. मोटोक्रॉसमधील प्लेटवर एका शर्यतीत शेकडो लहान-मोठे मार बसतात आणि पुढच्या रविवारी तीच प्लेट पुन्हा हजर असावी, अशी अपेक्षा असते.

उलट टोकाचे उदाहरण आहे ‘टायटन’ पाणबुडीचे. टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेली, कार्बन फायबरच्या दंडगोलाची ही पाणबुडी जून २०२३ मध्ये खोल समुद्रात चिरडली गेली आणि पाचही जणांचा मृत्यू झाला. अमेरिकी तटरक्षक दलाच्या २०२५ मधील अहवालाने सदोष रचनेबरोबरच, २०२२ च्या मोहिमेत दंडगोलात बिघाडाची लक्षणे दिसूनही पुरेशी तपासणी न करता तो वापरत राहण्यावर ठपका ठेवला. पाणबुडी आणि दुचाकीची प्लेट यांची तुलना अर्थातच मर्यादित आहे. धडा मात्र तोच : कार्बन आतून खराब होते तेव्हा बाहेरून ते तसे दिसेलच असे नाही.

कोणत्या भागासाठी कार्बन योग्य?

सगळ्या भागांना एकच उत्तर लागू होत नाही.

पाइपचे आवरण : टू-स्ट्रोकच्या पाइपसाठी कार्बनचे आवरण हा सर्वात पटणारा वापर. पाइपच्या उष्णतेने साधे प्लास्टिक मऊ पडते, कार्बनचे ताठ कवच टिकते. अट एवढीच, की राळ उष्णता सोसणारी हवी. खोलीच्या तापमानाला सुकवलेली साधी इपॉक्सी ६० ते ८० अंशांनंतरच मऊ पडू लागते. भट्टीत पक्की केलेली १२० ते १८० अंशांपर्यंत टिकाव धरते. त्यामुळे आवरण आणि पाइप यांच्यात हवेची फट ठेवावी लागते. ही फट चिखलाने भरली की उष्णता थेट राळेपर्यंत पोहोचते. फोर-स्ट्रोकचा पाइप इंजिनजवळ तापून लालही होतो, तिथे तर ही फट अधिकच गरजेची.

इंजिनखालची प्लेट : इथे निकाल ट्रॅकवर अवलंबून असतो. मऊ मातीच्या, राखलेल्या ट्रॅकवर कार्बन छान चालते. टोकदार खडकांवर आणि ओंडक्यांवर घासत जाणाऱ्या एन्ड्युरो प्रकारात मात्र ते झिजते. आधी वरची राळ जाते, मग धागे उघडे पडून कडांना झुपके दिसू लागतात. डाकारसारख्या रॅलीतील दुचाकींना इंजिनखाली कार्बनची मोठी प्लेट असते हे खरे, पण त्या संघांकडे मेकॅनिकांचा ताफा आणि सुटे भाग असतात.

फोर्कची आवरणे : यांना सतत वाकावे लागते. मूळ कंपनीची प्लास्टिकची आवरणे इथे सरस ठरतात. ताठ कार्बनचे आवरण बोल्टच्या भोकापाशी तडकण्याची शक्यता अधिक.

डिस्कचे झाकण : कार्बनचे झाकण तुटले तर त्याचा टोकदार तुकडा चाकात अडकू शकतो. म्हणून जाड, चांगल्या बांधणीचे झाकण आणि वेळेवर बदल या दोन्ही गोष्टींना पर्याय नाही.

क्लच आणि इग्निशनच्या झाकणांवरील टोप्या : बूट आणि मातीच्या घर्षणाने इथले धातूचे झाकण झिजते. मार मध्यम असतो, त्यामुळे कार्बन इथे दीर्घकाळ टिकते.

एकाच दिसण्याच्या दोन भागांत एवढा फरक का?

काळ्या चौकटींचे विणकाम दोन्हीकडे सारखेच दिसते, पण आतील बांधणी वेगळी असते. काही भागांत वरचा एकच थर कार्बनचा आणि खाली स्वस्त काच-तंतू असतो. काहींत तर साध्या प्लास्टिकवर कार्बनच्या नक्षीचा कागद चिकटवलेला असतो. हाताने राळ फासून बनवलेल्या भागात हवेचे बुडबुडे राहतात आणि राळ जास्त होते. आधीच मोजून राळ भिजवलेले कापड वापरून दाबाखाली भाजलेला भाग एकसंध असतो.

टिकाऊपणा वाढवण्याचा एक सिद्ध उपाय म्हणजे कार्बनबरोबर केव्हलारचे थर देणे. डुपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधलेला हा धागा कार्बनइतका ताठ नसतो, पण चिवट असतो. कार्बन तडकले तरी केव्हलारचे थर तुकडे धरून ठेवतात. विकत घेताना ‘पूर्ण कार्बन’ हे शब्द भारदस्त वाटतात. संरक्षक भागांच्या बाबतीत मिश्र बांधणी बहुतेक वेळा अधिक शहाणपणाची असते.

दगडांखेरीज आणखी शत्रू कोणते?

पहिला शत्रू ऊन. अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळी पडते, खडूसारखी भुरभुरीत होते. त्यावर संरक्षक पारदर्शक लेप असतो, पण दगडांनी त्याचे टवके उडाले की तिथून ऱ्हास सुरू होतो.

दुसरा शत्रू चिखल. प्लेट आणि इंजिन यांच्यामध्ये अडकलेला चिखल वाळला की कंपनांमुळे तो सँडपेपरचे काम करतो. धुताना प्रेशर वॉशरची धार अगदी जवळून कडांवर मारली, तर सुटू लागलेल्या थरांत पाणी शिरते.

तिसरा शत्रू कमी माहिती असलेला. कार्बन वीजवाहक आहे. ॲल्युमिनियमला ते थेट टेकले आणि मध्ये पाणी असले, की ॲल्युमिनियम गंजू लागते. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत हे अधिक वेगाने घडते. मध्ये काच-तंतूचा थर किंवा रबरी वॉशर असेल तर हा धोका टळतो.

चौथा शत्रू पान्याच्या टोकाला असतो. बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला तर भोकाभोवतीचे थर चिरडतात. रुंद वॉशर आणि बेताचा ताण एवढ्याने बऱ्याच प्लेट वाचतात.

भाग बदलायची वेळ झाली हे कसे ओळखावे?

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. प्लेट काढून धुवावी आणि नाण्याच्या कडेने ठिकठिकाणी हलके ठोकावे. धडधाकट जागी टणक, स्पष्ट आवाज येतो. थर सुटलेल्या जागी तो बद्द होतो. नंतर मागची बाजू उजेडात पाहावी. पांढरट रेषा, उठलेले पापुद्रे, भोकांभोवतीचे तडे आणि हाताने दाबल्यावर होणारी करकर ही धोक्याची लक्षणे आहेत.

किरकोळ झीज इपॉक्सीचा लेप देऊन किंवा मागून कापडाचा थर चढवून दुरुस्त करता येते. मात्र कार्बन घासताना उडणारी धूळ श्वासात जाता कामा नये. मास्क, हातमोजे आणि पाणी वापरून घासणे आवश्यक. तुटलेल्या कडेच्या कुसळासारख्या चिपा कातडीत शिरल्या की काढणे कठीण जाते. डिस्कचे झाकण तडकले असेल तर दुरुस्तीच्या फंदात न पडता ते बदलणेच योग्य.

भारतीय स्वारांसाठी हिशेब काय?

इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगचा पहिला हंगाम जानेवारी २०२४ मध्ये पुण्यातून सुरू झाला. त्याआधीपासून राष्ट्रीय सुपरक्रॉस स्पर्धेच्या फेऱ्या पुणे, नाशिकमध्ये होत आल्या आहेत. लीगमध्ये परदेशी बनावटीच्या शर्यती दुचाकी धावतात, तर खालच्या गटांत अनेक मुले रस्त्यावरच्या दुचाकींत बदल करून उतरतात. आयात केलेल्या तयार दुचाकीवर सीमाशुल्काचा बोजा पडतो. १६०० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील मूळ शुल्क २०२५ च्या अर्थसंकल्पात ५० वरून ४० टक्क्यांवर आले, तरी ते कमी नाही. सुटे भागही बहुतांशी परदेशातूनच मागवावे लागतात. त्यामुळे इथे तडकलेल्या प्लेटचा अर्थ केवळ खर्च असा नसतो. नवा भाग येईपर्यंतची प्रतीक्षाही त्यात येते.

रिलायन्सने गुजरातमधील हजिरा येथे वर्षाला २० हजार टन क्षमतेच्या कार्बन फायबर प्रकल्पाची घोषणा २०२२ मध्ये केली. देशात धागा मोठ्या प्रमाणावर बनू लागला तर पुढे स्थानिक कारखान्यांना तो सुलभ होऊ शकतो. तोवर, आईवडिलांच्या खिशावर शर्यत खेळणाऱ्या मुलासाठी प्राधान्यक्रम स्पष्ट आहे. खडकाळ जागी सरावाला प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियमची प्लेट. पैसे उरलेच तर पाइपचे आवरण किंवा इग्निशनची टोपी कार्बनची. त्याआधी छाती, मान आणि गुडघ्यांचे संरक्षण.

हाच नियम हेल्मेटलाही लागू होतो का?

होतो, आणि तिथे तो सर्वात महत्त्वाचा आहे. कार्बनचे हेल्मेटही आघाताची ऊर्जा स्वतः खराब होऊन शोषते. आतला थर्माकोलसारखा फोम दबतो तो परत फुगत नाही आणि बाहेरच्या कवचाचे थर सुटलेले दिसत नाहीत. जोराने पडल्यावर ‘साधा ओरखडा आहे’ म्हणून तेच हेल्मेट वापरणे किंवा धाकट्या भावाला देणे म्हणजे काम संपलेल्या कवचावर भरवसा ठेवणे. प्लेट फुटली तर इंजिन जाते. ते दुरुस्त होते. म्हणूनच कार्बनचा भाग घेताना तो किती मजबूत आहे याबरोबरच, मार खाल्ल्यानंतर तो कोण तपासणार आणि कधी बदलणार, हेही आधीच ठरवून ठेवणे आवश्यक ठरते.